अनुभव धागा: जुन्यापान्यातून केलेला, न गळणारा ट्रे

कुंडीवाली:
परवा खालच्या काकूंनी दुसऱ्यांदा बेल वाजवली. आमच्या जास्वंदीचं मातकट पाणी त्यांच्या धुतलेल्या चादरीवर! बोलल्या काही नाहीत, नुसती चादर दाखवली. कठड्याच्या कडेने पाच कुंड्या, दीड मीटर लांब आणि फूटभर रुंद जागा. त्या मापाचा ट्रे दुकानात मिळेना. मग माळ्यावरचा फ्लेक्स काढला (कुणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, चेहरा खालच्या बाजूला).

पहिल्यांदा शहाणपणा केला. कोपरे कापले, एकावर एक घेऊन पांढऱ्या गोंदाने चिकटवले. तिसऱ्या दिवशी गोंद दुधासारखा होऊन वाहायला लागला. दुसऱ्यांदा इपॉक्सी पुट्टी भरली. फ्लेक्स वाकतो, पुट्टी वाकत नाही. कुंडी सरकवली की तडा. तिसऱ्यांदा कात्रीच लावली नाही. जुन्या पलंगाच्या पट्ट्यांची चौकट केली, फ्लेक्स चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त ठेवला आणि वाण्याच्या पुडीसारखा कोपरा दुमडून घडी बाहेर घेतली. खिळे फक्त वरच्या काठावर, पाणी पोचणार नाही तिथे. दोन महिने झाले, थेंब नाही.

तुम्ही कशाकशाचे केलेत? फसलेले आधी सांगा.

रानातला:
आमच्याकडे गाईसाठी अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारं हिरवं खाद्य) करायचा होता, म्हणजे ट्रे कसला, हौदच. विटा कडेवर उभ्या लावल्या की चार इंच खोली आपोआप मिळते. त्यावर फ्लेक्स, काठ विटांवरून बाहेर दुमडलेला. पहिला हौद रात्रीत रिकामा. खाली एक टोकदार खडा होता, पाण्याच्या वजनाने तोच वर आला. आता आधी भाताचा तूस पसरतो, वर फाटकी गोणपाटं, मग फ्लेक्स. अझोला नारळाच्या सावलीत छान वाढला. फ्लेक्सचा जो काठ उन्हात होता तो मात्र दुसऱ्या उन्हाळ्यात पापडासारखा मोडला. पाण्याखालचा भाग शाबूत होता. त्यामुळे काठावर जुनी गोणी टाकून ठेवा, एवढंच सांगेन.

खटपट्या:
फ्लेक्सच्या भानगडीत कशाला पडता? 15 किलोचा तेलाचा डबा आडवा ठेवून लांबीत कापा, दोन ट्रे. तोंड कोपऱ्यात असेल तर ते ज्या अर्ध्यात येईल तो गळका, त्यात कंपोस्ट करा. पत्र्याची धार पक्कडीने आत दुमडा, किंवा जुना पाण्याचा पाइप उभा चिरून काठावर बसवा. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. रंग देण्याआधी धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने तेल पूर्ण काढा, नाहीतर रंग सालीसारखा निघतो.

आजीची नात:
फसलेला माझा. रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालून आजी टोपल्या लिंपायची, तसाच ट्रे केला. दिसायला देखणा. वर ऑइलपेंटचे तीन हात दिले. आठ दिवसांत बूड मऊ. आजी म्हणाली, "टोपली आहे गं ती, घागर नव्हे."

न्यू जर्सीकर:
इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे बुटांखालच्या बर्फाचं खारट पाणी लाकडी फरशीवर पांढरे डाग पाडतं. पुठ्ठ्याच्या बसक्या खोक्यात बाथरूमचा जुना प्लॅस्टिकचा पडदा घातला, वर गोटे. बूट गोट्यांवर, पाणी खाली. मार्चपर्यंत चालतो, मग खोकं रद्दीत.

शंकेखोर:
सगळे गळू नये म्हणून धडपडताय. न गळालेल्या पाण्याचं काय? डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काठाला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणजे नुसतं ओतून भागत नाही, काठ घासायला हवा. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून कोरडा दिवस पाळाच.
आणि कुंडीवाली, तुमच्या मापात 5 सेंटीमीटर पाणी म्हणजे साडेबावीस लिटर, तेवढेच किलो. कुंड्यांचं वजन वेगळं. भरलेला ट्रे एकटीने उचलू नका.

कुंडीवाली:
बाप रे, हा हिशोब केलाच नव्हता. मी तर एक टोक उचलून मोरीकडे ओढणार होते.

खटपट्या:
उचलायचा कशाला? सलाईनची जुनी नळी धुऊन घ्या. पाण्याने भरून एक टोक ट्रेमध्ये, दुसरं बादलीत. बादली ट्रेपेक्षा खाली ठेवली की पाणी आपोआप उतरतं.

कुंडीवाली:
ट्रे फरशीवर आहे हो. बादली खाली कुठे ठेवू, काकूंच्या गॅलरीत?

खटपट्या:
मग स्पंज.