हॉल आणि स्टडीमध्ये काचेचं पार्टिशन: कोणती काच घ्यावी?

प्रश्न: आमची स्टडी आतल्या बाजूला, भर दुपारी दिवा लावावा लागतो. हॉलकडची भिंत काढून काच बसवायचा विचार आहे. पण मी दिवसभर कॉलवर असतो आणि बाहेर टीव्ही चालू.

उत्तर: आधी ती भिंत भार पेलणारी नाही ना, ते इंजिनिअरकडून बघून घ्या.

उत्तर: आम्ही केलंय. फ्लूटेड (उभ्या नालीदार रेघांची) काच घेतली, उजेड मस्त येतो. पलीकडून जाणारा माणूस नुसत्या रंगाच्या पट्ट्यांसारखा दिसतो, ते बघायला अजूनही मजा येते. आवाजात मात्र फसलो. काच 10 मिमी टफन्ड (तापवून कडक केलेली), पण सरकत्या दाराखाली बोटभर फट, मिक्सर थेट मीटिंगमध्ये! आणि मापं फ्लोअरिंग झाल्यावरच घ्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. आमची एक काच 6 मिमी मोठी निघाली, सरळ भंगारात.

उत्तर: आवाजासाठी लॅमिनेटेड बघा. दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर असतो, फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात. कडेची हिरवट झाक नको असेल तर लो-आयर्न (कमी लोहाची) काच मागा.

प्रश्नकर्ता: मग सरकतं दार रद्द, बिजागरीचंच करतो. खालच्या फटीला ड्रॉप सील (दार बंद केलं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी) कुणी वापरलंय का?