‘उर्वारुकमिव बन्धनात्’चा अर्थ

महामृत्युंजय मंत्र हा आजाऱ्याचे प्राण वाचावेत म्हणून जपायचा असल्यामुळे निधनाच्या बातमीखाली तो लिहिणे अनुचित आहे, हे काहींचे मत मला पूर्णपणे पटत नाही. जपाची रूढी तशी आहे हे खरे, परंतु ऋग्वेदातील या ऋचेत (७.५९.१२) ‘मुक्षीय’ हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे, म्हणजे ‘मी सुटावे’ असे म्हणणारा स्वतःसाठीच मागतो, आणि तेही मृत्यूपासून सुटण्याचे, अमृतापासून नव्हे. मागे राहिलेल्याने ती म्हणण्यात मला काहीच वावगे दिसत नाही.

त्यातला ‘उर्वारुकमिव बन्धनात्’, म्हणजे ‘उर्वारुक देठाच्या बंधनातून सुटते तसे’, हा दृष्टान्त मला पोथीतून नव्हे, तर परभणी जिल्ह्यातील आमच्या शेतात कळला. उर्वारुक हे काकडीच्या कुळातील वेलफळ. त्याच कुळातले, कपाशीत आपोआप उगवलेले शेंदाड हे रानफळ कच्चे असताना ओढले तर वेलच उपटून येतो. पिकले की देठ स्वतःहून सुटतो, हात लावताच फळ ओंजळीत येते आणि देठाच्या जागी वाळलेला गोल वण तेवढा राहतो. नव्वदी ओलांडलेली आमची आजी गेली, तेव्हा दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) वडील एवढेच म्हणाले, “आई शेंदाडावानी सुटली बघ.” सांत्वनाला आलेल्या कोणाचेही शब्द मला इतके जवळचे वाटले नव्हते. मात्र अकाली गेलेल्या तरुणाच्या घरी ही ऋचा पाठवू नये, कारण तेथे फळ पिकलेलेच नसते. तेथे ‘सद्गती लाभो’ एवढेच लिहावे.