जपानी हॉरर पिक्चरचं नाव हवंय, आई मेलेल्या मुलीला परत आणते तो

मंडळी, मदत करा, दोन आठवडे डोक्यात भुंगा लागलाय. हॉस्टेलला असताना रूममेटच्या कॉम्प्युटरवर बघितलेला पिक्चर, प्रिंट इतकी भिकार की सबटायटल्स खालून अर्धी कापलेली, त्यामुळे गोष्टही अर्धीच कळली. एक मुलगी बऱ्याच वर्षांनी टोकियोहून गावी येते, घराचं काहीतरी बघायला, तर कळतं की लहानपणची मैत्रीण सोळाव्या वर्षीच बुडून गेली. आणि त्या मैत्रिणीची आई पांढरे कपडे घालून, हातात काठी घेऊन देवळामागून देवळं चालत सुटलेली, पण उलट्या क्रमाने, पोरीला परत आणायला! भुताचे इफेक्ट जवळपास नाहीतच, पैसे नसावेत बहुतेक. पण ती बाई नुसती चालताना दिसली तरी पोटात गोळा यायचा.

रिंग, जुऑन, डार्क वॉटर सांगू नका, बघून झालेत.

अजून एक, ही उलट्या फेरीची भानगड खरंच आहे का तिकडे? आपल्याकडे उलटी प्रदक्षिणा म्हटलं की अंत्यविधीच आठवतो, नर्मदा परिक्रमावालेसुद्धा नदी कायम उजव्या हाताला ठेवतात, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद १
शिकोकू, १९९९. दिग्दर्शक शुनिची नागासाकी, मासाको बांदोच्या कादंबरीवरून. जपानात रिंग २ च्या जोडीला लागला होता, म्हणून झाकोळला गेला बिचारा. मेलेली मुलगी म्हणजे चिआकी कुरियामा, किल बिलमधली साखळी फिरवणारी गोगो. नावात पण गंमत आहे, शिकोकू म्हणजे चार प्रांतांचं बेट, पण 'शि' म्हणजे मृत्यूसुद्धा, आणि पिक्चरचं नाव लिहिताना तेच अक्षर वापरलंय.

प्रतिसाद २
यात्रा खरी आहे, शिकोकू बेटावरची, कोबो दाइशी या बौद्ध संताची ८८ देवळं, साधारण १२०० किमी. पांढरा वेश म्हणजे कफनच, वाटेत मेलात तर तयारी असावी म्हणून. पण उलटी फेरी तिकडे अशुभ नाही हां, उलट जास्त पुण्याची! एमोन साबुरो नावाच्या माणसाची दंतकथा आहे, दाइशींची माफी मागायला वीस फेऱ्या सरळ मारल्या, भेट काही झाली नाही, एकविसावी लीप वर्षात उलटी मारली तेव्हा भेटले. म्हणून लीप वर्षात मुद्दाम उलटे जाणारे बरेच असतात. मेलेलं माणूस उठतं हा भाग गोष्टीतला.

धागाकर्ता
हाच हाच!! दोघांनाही दंडवत. आणि आता आठवलं, पिक्चरमध्ये मुलगी जितक्या वर्षांची होऊन गेली तितक्या फेऱ्या मारायच्या असतात, म्हणजे १६. आत्ता हिशोब केला, १९,२०० किमी होतात, दीड-दोन महिन्यांची एक फेरी धरली तरी दोनेक वर्षं नुसतं चालणं. त्या बाईला व्हिलन म्हणवत नाही राव.

कुणाकडे पूर्ण सबटायटल्सवाली डीव्हीडी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.