कॅटालिना उडत्या बोटीचे सामर्थ्य नेमके कशात होते?

दर्यासारंग यांचा प्रश्न

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातील सागरी गस्तीविषयी वाचताना अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीच्या पीबीवाय कॅटालिना या उडत्या बोटीचा (पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा) उल्लेख अटलांटिकपासून श्रीलंकेपर्यंत आणि अलास्कापासून ऑस्ट्रेलियापर्यंत जिकडेतिकडे आढळतो. मात्र आकडे पाहिले की कोडे पडते. या विमानाचा कमाल वेग ताशी 315 किलोमीटरच्या आसपास होता आणि गस्तीवर असताना ते ताशी 200 किलोमीटरच्या आगेमागेच उडत असे. जपानी झीरो लढाऊ विमानाचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या वर होता. शिवाय कॅटालिनाचा आराखडा 1930च्या दशकाच्या पूर्वार्धातला. युद्ध सुरू झाले तेव्हा मार्टिन कंपनीची अधिक आधुनिक मरीनर उडती बोट तयार होत होती. असे असूनही कॅटालिनाचे उत्पादन 1945 पर्यंत चालू राहिले आणि सुमारे 3,300 विमाने तयार झाली; इतर कोणतीही उडती बोट एवढ्या संख्येने बांधली गेली नाही. हे केवळ युद्धकाळाच्या निकडीमुळे घडले, की तिच्या रचनेतच असे काही होते जे वेगापेक्षा मोलाचे ठरले? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नभोमापक यांचे उत्तर

उत्तर रचनेतच आहे, आणि त्यासाठी पंखाकडे पाहावे लागेल. अमेरिकी नौदलाला 1933 मध्ये प्रशांत महासागराच्या अफाट विस्तारावर दूरवर गस्त घालू शकेल अशी उडती बोट हवी होती. त्यासाठी कन्सॉलिडेटेड आणि डग्लस या दोन कंपन्यांना प्रत्येकी एक नमुना बांधायला सांगण्यात आले. कन्सॉलिडेटेडचे मुख्य अभियंते आयझॅक लॅडन यांनी आखलेला नमुना मार्च 1935 मध्ये प्रथम उडाला. डग्लसचे विमानही गुणांत कमी नव्हते, पण कन्सॉलिडेटेडचे विमान स्वस्त पडत होते आणि 60 विमानांची मागणी तिच्याकडे गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या नमुन्याने पनामातील कोको सोलोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत सुमारे 5,540 किलोमीटर अंतर न थांबता कापून विक्रम केला. नौदलाला हवे होते ते हेच.

लॅडन यांच्या आधीच्या उडत्या बोटींचे पंख म्हणजे दांड्या आणि तारांचे जंगल असे आणि प्रत्येक दांडी हवेचा रोध वाढवीत असे. लॅडन यांनी 31.7 मीटर रुंदीचा एकच पंख बोटीच्या मध्यभागी उभारलेल्या एका खांबावर ठेवला आणि बाहेरून फक्त चार लहान तिरकस आधार दिले. इंधनासाठी वेगळ्या टाक्या न बसवता पंखाचा मधला पोकळ भाग सांधे बंद करून त्याचीच टाकी केली, त्यामुळे बरेच वजन वाचले. पाण्यावर तोल सांभाळणारे दोन तरंगक उड्डाणानंतर बाहेरच्या बाजूने वर वळत आणि पंखाची टोके बनून जात. रोध निर्माण करणारा भागच अशा रीतीने पंखाचा भाग झाला. प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प इंजिने एकमेकांजवळ आणि पाण्याच्या तुषारांपासून उंचावर बसवली होती. सुरुवातीला या इंजिनांची शक्ती प्रत्येकी 825 अश्वशक्ती होती आणि नंतरच्या आवृत्त्यांत ती 1,200 झाली.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती त्या खांबातली जागा. इंजिनांवर देखरेख ठेवणारा अभियंता त्या अरुंद खांबात, पंखाच्या बरोबर खाली, दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या खिडक्यांमध्ये बसत असे. इंधनाचे मिश्रण, तेलाचा दाब आणि तरंगक वर-खाली करणे हे सारे त्याच्या हाती असे आणि वैमानिक त्याला दिव्यांच्या संकेतपट्टीवरून सूचना देत. पंधरा-वीस तास हवेत राहायचे तर इंधनाचा थेंब न थेंब तोलून वापरावा लागतो, आणि ते काम या माणसाचे होते. बोटीच्या आत झोपण्यासाठी फळ्या होत्या आणि अन्न गरम करण्याची सोयही होती. मागच्या बाजूला दोन्ही अंगांना फुगीर पारदर्शक घुमट होते, ज्यांतून टेहळ्याला थेट खालचे पाणीही दिसत असे. वेगाचा त्याग करून रचनाकारांनी वेळ मिळवला होता, आणि समुद्रावर शोध घेताना वेळच कामाला येतो.

क्षितिजरेषा यांचे उत्तर

वरील विवेचनाला युद्धातले पुरावे जोडतो. मे 1941 मध्ये जर्मन युद्धनौका बिस्मार्क ब्रिटिश पाठलागातून निसटली आणि तीस तासांहून अधिक काळ तिचा मागमूस नव्हता. 26 मे रोजी सकाळी उत्तर आयर्लंडमधील लॉक अर्न सरोवरावरून निघालेल्या 209 स्क्वाड्रनच्या कॅटालिनाने तिला हेरले. विमानाचे कप्तान डेनिस ब्रिग्ज होते आणि शेजारी अमेरिकी नौदलाचे एन्साइन (कनिष्ठ अधिकारी) लेनर्ड स्मिथ होते. अमेरिका तोवर युद्धात उतरलेली नसल्यामुळे त्यांची उपस्थिती तेव्हा गुप्त ठेवण्यात आली. बिस्मार्कच्या तोफांचा मारा झेलत त्यांनी ठावठिकाणा कळवला. त्याच संध्याकाळी आर्क रॉयल या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरील विमानांच्या टॉर्पेडोने तिचे सुकाणू जायबंदी केले आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली.

पुढच्या वर्षी प्रशांत महासागरातील मिडवे बेटाच्या लढाईतही हेच दिसते. 3 जून 1942 रोजी जॅक रीड यांच्या कॅटालिनाने मिडवेवर उतरण्यासाठी येणारा जपानी ताफा सुमारे 700 मैलांवर पाहिला, तर 4 जूनच्या पहाटे हॉवर्ड एडी यांच्या विमानाने जपानी विमानवाहू नौकांची बातमी दिली. अमेरिकी सेनापतींना हल्ल्याचा अंदाज आधीच होता. तरी नौका नेमक्या कुठे आहेत हे कुणीतरी प्रत्यक्ष पाहून सांगणे आवश्यक होते.

आपल्या समुद्राशी जवळचा प्रसंग म्हणजे 4 एप्रिल 1942 चा. श्रीलंकेतील कोग्गल येथून उडालेली कॅनडाच्या 413 स्क्वाड्रनची कॅटालिना दिवसभराची गस्त आटोपत आली असताना लेनर्ड बर्चल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बेटाच्या आग्नेयेला, शेकडो मैलांवर, क्षितिजावर ठिपके दिसले. ते जवळ गेले. तो जपानी अॅडमिरल नागुमो यांचा विमानवाहू ताफा होता. झीरो विमाने अंगावर येत असताना बिनतारी संदेश पाठवला गेला आणि मग विमान पाडले गेले. नऊपैकी सहा जण वाचले आणि युद्ध संपेपर्यंत जपान्यांच्या कैदेत राहिले. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा बंदरातील बरीच जहाजे आधीच बाहेर हलवलेली होती. संथ विमानातील नऊ जणांनी जिवावर उदार होऊन दिलेल्या या इशाऱ्याचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

तांडेल यांचे उत्तर

क्षितिजरेषा यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, पण कोलंबोच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. इशारा मिळूनही 5 एप्रिलच्या सकाळी शत्रूची विमाने शहरावर येईपर्यंत बचावाची लढाऊ विमाने पुरती सज्ज नव्हती. बंदरात हेक्टर हे सशस्त्र व्यापारी जहाज आणि टेनेडॉस ही विनाशिका बुडाली, तर समुद्रात डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या दोन क्रूझर गेल्या. गस्ती विमान बातमी देऊ शकते. त्या बातमीचे काय करायचे हे किनाऱ्यावरच्यांनी ठरवायचे असते. कॅटालिनाचे मूल्यमापन करताना ही मर्यादा विसरता येणार नाही.

तिला केवळ टेहळे समजणेही तितकेच अपुरे आहे. दिवसा ती लढाऊ विमानांची सहज शिकार होती, म्हणून 1942च्या अखेरीस प्रशांत महासागरातील ग्वादालकॅनाल बेटाच्या परिसरात अमेरिकी नौदलाने तिला काळा रंग दिला आणि रडारच्या आधारे रात्री जपानी रसदजहाजांवर सोडले. या ‘ब्लॅक कॅट’ पथकांना संथपणाचा फायदाच झाला, कारण अंधारात पाण्यालगत उडताना कमी वेगामुळे लक्ष्य नीट साधता येई.

जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतला प्रकार मला अधिक कौतुकास्पद वाटतो. जर्मन पाणबुड्या तेथून वरच्या थरातल्या, पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर जवळजवळ निःशब्द सरकत भूमध्य समुद्रात शिरत. अमेरिकी नौदलाच्या व्हीपी-63 पथकाच्या कॅटालिना पाण्यापासून अवघ्या शंभरेक फुटांवरून सामुद्रधुनी ओलांडत येरझारा घालत आणि पाणबुडीच्या पोलादामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपत. हा संकेत विमान पाणबुडीच्या डोक्यावरून जातानाच मिळे, आणि तेव्हा टाकलेला बॉम्ब विमानाच्या वेगाने पुढे जाऊन पडला असता. म्हणून बॉम्बला मागच्या दिशेने ढकलणारे रॉकेट जोडले, ज्याचा वेग विमानाच्या वेगाइतकाच असल्याने बॉम्ब सरळ खाली पडे. फेब्रुवारी 1944 मध्ये यू-761 ही पाणबुडी याच पद्धतीने सापडली आणि ब्रिटिश विनाशिकांच्या साहाय्याने तिचा शेवट झाला. ताशी 200 किलोमीटरच्या आत शांतपणे उडू शकणारे विमान नसते तर हे जमणे कठीण होते.

दर्यासारंग

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. खवळलेल्या खुल्या समुद्रावर ही बोट खरोखर उतरू शकत होती का, की तिला केवळ सरोवरे आणि खाड्याच मानवत?

नभोमापक यांचे उत्तर

उतरू शकत होती, पण त्याची किंमत मोजावी लागे. 15 फेब्रुवारी 1944 रोजी न्यू गिनीजवळच्या काव्हिएंगच्या बंदरात नेथन गॉर्डन यांनी किनाऱ्यावरील जपानी तोफांच्या माऱ्यात आणि मोठ्या लाटांत वारंवार उतरून पाडल्या गेलेल्या बॉम्बफेकी विमानांतील 15 जणांना उचलले. त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. 30 जुलै 1945 रोजी बुडालेल्या अमेरिकी युद्धनौका इंडियानापोलिसचे खलाशी शार्कच्या तोंडी जात असलेले 2 ऑगस्ट रोजी पाहून एड्रियन मार्क्स यांनी खुल्या समुद्रावर न उतरण्याचा आदेश असतानाही विमान उतरवले आणि 56 जणांना वर घेतले. आतली जागा भरल्यावर त्यांनी माणसांना पंखावर झोपवून पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधले. पंखाचा मागचा भाग वजन वाचवण्यासाठी कापडी आवरणाचा होता आणि तो या भाराने खराब झाला. विमान पुन्हा उडणे अशक्य होते. सुटका करायला आलेल्या जहाजाने माणसे उतरवून घेतल्यावर ते तोफांनी बुडवले.

या हलक्या रचनेची दुसरी मर्यादा क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमानकंपनीच्या पर्थ ते कोग्गल विमानसेवेत दिसते. 1943 ते 1945 या काळात शस्त्रे काढून आणि जादा इंधन भरून कॅटालिना साडेपाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर एका दमात कापत. प्रवासाला 27 ते 33 तास लागत, म्हणजे प्रवाशांना एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसत, आणि जपानी विमानांच्या भीतीने संपूर्ण वाट बिनतारी मौनात जाई. इंधनाचे ओझे इतके असे की तीनच प्रवासी आणि थोडी टपाल नेता येई, आणि पहिल्या दहा-एक तासांत एक इंजिन बंद पडले असते तर उरलेल्या एकावर विमान हवेत टिकले नसते. तरीही या मार्गावर 271 फेऱ्या झाल्या आणि एकही विमान गमावले गेले नाही.