लोकरीच्या झेंडूंचं गोल तोरण: फुलं सुटणं आणि कडं वाकणं

पुठ्ठ्याच्या कड्यावर लोकरीच्या गोंड्यांची झेंडूची फुलं बांधून हे तोरण करताना दोन अडचणी येतात: गोंडे सुटतात आणि कडं वाकतं.

कडं वाकतं ते एकेरी पुठ्ठ्यामुळे. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याची दोन कडी कापा, बाहेरचा व्यास २५ सेंमी, कड्याची रुंदी ४ सेंमी. दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या नळ्या (लहरी) एकमेकींना आडव्या येतील अशी ती एकावर एक चिकटवून रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवा. मग पिवळ्या लोकरीने गुंडाळा, म्हणजे फटीतून पुठ्ठा दिसत नाही.

गोंडा सुटतो तो गाठीमुळे. लोकरीनेच बांधायला गेलं तर लोकर ताणते किंवा तुटते, आवळली जात नाही. बांधायला गोधडीचा जाड दोरा घ्या. पुठ्ठ्याच्या ५ सेंमी रुंद पट्टीवर लोकरीचे ९० वेढे घ्या, अलगद काढा, मधोमध दोरा घालून पहिल्या गाठीत दोनदा पीळ द्या. दुसरी गाठ मारेपर्यंत ती सरकत नाही. नंतरच दोन्ही बाजूंचे वेढे कापा. कात्रीला धार हवी, बोथट कात्रीने टोकं पिंजतात आणि झेंडूऐवजी कापसाचा बोळा दिसतो!

दोऱ्याची टोकं १५ सेंमी ठेवा आणि त्यांनीच फुलं कड्याला मागून बांधा. ग्लू गन इथे नकोच, उन्हाच्या दारावर तो गोंद मऊ पडतो. दाटीने १५ फुलं बसतात. १०० ग्रॅम लोकर पुरते.

पानांना हिरवं फेल्ट कापड, १० बाय ३ सेंमी. मधल्या शिरेवर धावदोरा घालून किंचित ओढा, पान आंब्याच्या कोवळ्या पानासारखं वळतं.

भेट देताना पिशवीत कोंबू नका, मिठाईच्या चपट्या खोक्यात द्या. दबलेले गोंडे वाफेवर धरले की पुन्हा फुलतात.