रातपाळी आणि झोप: तुमचे अनुभव लिहा

मी रुग्णालयात, नवरा चाकणला कारखान्यात, दोघांनाही पाळ्या. भरदुपारी झोपलेल्या माणसाला लोक आळशी ठरवतात, ते मला फार लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2019 मध्ये रातपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात कायम ठेवलं आहे. म्हणजे हा नुसता थकव्याचा प्रश्न नाही. ऐकीव सल्ले नकोत, स्वतः करून पाहिलेलं लिहा.

सुरुवात मीच करते. नाईट संपवून निघाले की गॉगल लावते. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की मेंदूला दिवस उजाडल्याचा निरोप जातो, मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक थांबतं आणि झोप उडते. जाड पडदे लावले, पण त्याहून जास्त उपयोग झाला तो दारावरच्या पाटीचा: ‘नाईट झाली आहे, बेल वाजवू नये.’ भांडीवाल्या मावशींची वेळ चारची केली. सासूबाई कुकर दहाच्या आत लावून मोकळ्या होतात. माझी झोप घरातल्या सगळ्यांनी मिळून राखली, म्हणून ती होते. नाईट करून आलेल्या बाईने आधी डबे भरायचे आणि मग झोपायचं, हे मात्र बंदच व्हायला हवं.

प्रेसशॉपवाला
आमच्याकडे दर आठवड्याला शिफ्ट बदलते. पूर्वी क्रम उलटा होता: थर्ड (रात्रीची), मग सेकंड (दुपारची), मग फर्स्ट (सकाळची). युनियनने बोलून तो सरळ करून घेतला, फर्स्ट-सेकंड-थर्ड. बहुतेकांचं शरीराचं घड्याळ 24 तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. आता पाळी बदलली तरी अंग पूर्वीइतकं मोडून येत नाही.

पहाटे चारच्या आसपासचा वेळ सगळ्यात वाईट. शरीराचं तापमान तेव्हा तळाला असतं. प्रेसवर डोळा लागला तर बोटं जातात, म्हणून डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायचं काम त्या वेळात काढत नाही. आणि थर्ड सुटल्यावर बाईक नाही, कंपनीची बस. हात जोडून सांगतो, हे पाळा.

मुक्कामी गाडी
एसटीत चालक. पहाटे पहिली फेरी असते. गाडीतच झोपतो, मच्छरदाणी माझी स्वतःची. गावाने शाळेची खोली उघडून दिली तर सोनं.

हिंजवडी नाईट्स
अमेरिकेचं घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासाने सरकतं, तशी आमची शिफ्टही. रात्री दोनला वडापाव आणि वर कॉफी असं चालायचं, पित्ताने हैराण झालो. आता जेवण निघण्याआधी घरी, मध्यरात्री ताक आणि फुटाणे. कॉफी दीडनंतर बंद, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. सुट्टीच्या दिवशीही उशिरापर्यंत जागतो, दुपारपर्यंत झोपतो. मित्र तुटतात, हे खरं आहे.

नवीन सभासद
मला इन्सुलिन चालू आहे. पुढच्या आठवड्यापासून नाईट. वेळा कशा ठेवायच्या?

धागाकर्ती
दादा, डोस स्वतःहून पुढेमागे करू नका. शिफ्टचा तक्ता आणि तुमच्या जेवणाच्या वेळा लिहून नाईट सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना दाखवा. ड्यूटीवर साखर जवळ ठेवा, आणि रक्तातली साखर उतरल्यावर काय करायचं ते शेजारच्या सहकाऱ्याला सांगून ठेवा.