सीव्ही: हॉस्पिटल आणि विद्यापीठ दोन्हीकडे एकच चालेल का?

नमस्कार मंडळी,

पॅथॉलॉजीत एमडी झालंय, थोडे संशोधनाचे पेपर आहेत. हॉस्पिटलची नोकरी आणि विद्यापीठातली शिकवायची जागा, दोन्हीकडे अर्ज करतेय. मैत्रीण म्हणते दोन पानांत बसव, गाइड म्हणतात काहीही गाळू नकोस. कोणाचं ऐकू?

——

ताई,

गाइडचं ऐका. दोन पानांचा दंडक कंपन्यांच्या रेझ्युमेचा. जाहिरातीत पानमर्यादा दिली असेल तर मात्र ती पाळायचीच.

मजकूर तोच ठेवा, क्रम बदला. हॉस्पिटलसाठी रजिस्ट्रेशन, पदव्या आणि नोकऱ्या आधी. ताजी नोकरी वर, महिना-वर्षासकट. मध्ये खंड असेल तर कारण एका ओळीत लिहून टाका. बाळंतपण असो की परीक्षेची तयारी, कारणाचं कोणाला काही वाटत नाही, रिकाम्या महिन्यांवर मात्र हमखास बोट ठेवतात. ‘फ्रोझन सेक्शनचा (ऑपरेशन चालू असताना ऊतक गोठवून केलेली तपासणी) भरपूर अनुभव’ यातून काहीच कळत नाही. किती केले, त्यातले स्वतंत्रपणे किती आणि देखरेखीखाली किती, ते लिहा.

विद्यापीठासाठी पेपर, ग्रँट आणि शिकवण्याचा अनुभव वर घ्या. मूळ संशोधन, रिव्ह्यू, केस रिपोर्ट, पोस्टर यांची खिचडी नको, वेगवेगळे मथळे द्या. संदर्भ लिहिण्याच्या व्हँकूव्हर पद्धतीत बऱ्याच ठिकाणी सहा लेखकांनंतर ‘एट अल’ (‘आणि इतर’) येतं. तुमचं नाव सातवं असेल तर स्वतःच्याच सीव्हीतून तुम्ही गायब! इथे सगळी नावं लिहा, आपलं ठळक करा, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) द्या. ‘इन प्रेस’ फक्त स्वीकारलेल्या पेपरला. नुसता पाठवलेला असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

——

वरच्या मेलमध्ये थोडी भर. लग्नाआधीचे पेपर वेगळ्या आडनावाने असतील तर ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ऑनलाइन ओळख) सोळा आकडी क्रमांक नावाखालीच द्या, दोन्ही नावांचं काम एकत्र दिसतं. आणि दोन कॉलमची नटवी टेम्प्लेट नको. ऑनलाइन अर्जाच्या सिस्टीममध्ये कधीकधी तारखा एकीकडे आणि हुद्दे भलतीकडे जातात. साधा एक कॉलम, प्रत्येक पानावर नाव आणि पान क्रमांक, पीडीएफ.

——

दादा, काका, आभार. एका पेपरवर माझं नाव खरंच सातवं आहे! रेफरीची (आपल्याबद्दल शिफारस देणाऱ्यांची) नावं सीव्हीतच द्यायची का?

——

जाहिरातीत मागितली असतील तरच, आणि त्यांना आधी विचारून.